पिंपरी, मुलुंड, महापे : दाह शमवणाऱ्या रेणूंचा आपल्याकडचा इतिहास

१/ पिंपरी-चिंचवड ते चाकण हा पट्टा म्हटला की मोटारी, दुचाक्या आणि त्यांचे सुटे भाग डोळ्यांपुढे येतात. परंतु पिंपरीत मोटारींच्या आधी औषध आले. आजच्या धाग्यात त्या कारखान्यापासून निघून शरीरातील दाह शमवणाऱ्या सूक्ष्म रेणूंपर्यंत जायचे आहे. वाटेत मुलुंड आणि महापे ही दोन ठाणी लागतील. धागा दीर्घ आहे, सवडीने वाचावा.

२/ औषधांच्या इतिहासाविषयी समाजमाध्यमांवर दोन विधाने नेहमी फिरत असतात. एक : आपल्या वनस्पती परकीयांनी लुटल्या. दुसरे : भारतीय कंपन्या केवळ नक्कल करतात. दोन्ही विधानांत सत्याचा अंश आहे आणि दोन्ही अपुरी आहेत. मुलुंडच्या प्रयोगशाळेत घडलेल्या एका रेणूची कथा या दोन्हींना पुरून उरते. त्या कथेचा नायक शोधू पाहाल तर सापडणार नाही. प्रश्न मात्र नक्की सापडेल.

३/ आधी दाह म्हणजे काय ते पाहू. रोमन लेखक सेल्सस याने इसवी सनाच्या पहिल्या शतकात त्याची चार लक्षणे नोंदवली : लाली, सूज, उष्णता आणि वेदना. जखम झाली किंवा जंतू शिरला की शरीर स्वतःच ही आग पेटवते. ती उपयुक्त असते. पण शत्रू नसतानाही ती धुमसत राहिली तर सांधे झिजतात, श्वासनलिका आक्रसतात. म्हणून औषधाचे काम आग वेळेवर आवरण्याचे. ती कायमची विझवून चालत नाही.

४/ ही आग निरोपांवर चालते. मराठेशाहीतील वाडा डोळ्यांपुढे आणा. जासूद देवडीपर्यंतच येतो. आत जात नाही. देवडीवर निरोप पोहोचला की आतला कारकून कागदावर शिक्का मारतो, कागद पुढच्या दालनात जातो आणि शेवटी दफ्तरातून हुकूम सुटतो. पेशीत जासुदाचे काम सायटोकाइन नावाची प्रथिने करतात, देवडीचे काम पेशीच्या पृष्ठभागावरील ग्राहक प्रथिने, आणि शिक्के मारण्याचे काम काइनेज नावाची विकरे. शिक्का म्हणजे फॉस्फेटचा लहानसा गट.

५/ हा निरोप दोन ठिकाणी अडवता येतो. जासुदाला किंवा देवडीला बाहेरूनच रोखायचे, तर प्रतिपिंडासारखे मोठे प्रथिन लागते. ते टोचूनच द्यावे लागते आणि महाग पडते. आतल्या कारकुनाचा हात धरायचा, तर पेशीच्या आवरणातून आत शिरू शकेल इतका लहान रेणू हवा. असा रेणू बहुधा गोळीच्या रूपात घेता येतो आणि रसायनशाळेत घडवता येतो. या धाग्याचा विषय हे लहान रेणू आहेत.

६/ आता पिंपरी. १९५४ मध्ये येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स लिमिटेड स्थापन झाली. सार्वजनिक क्षेत्रातील ही देशातील पहिली औषध कंपनी. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांचे साहाय्य तिला होते. हाफकिन संस्थेचे पहिले भारतीय संचालक साहिब सिंग सोखे यांनी देशी पेनिसिलिनसाठी दीर्घकाळ आग्रह धरला होता. १९५५ मध्ये पिंपरीत पेनिसिलिनचे उत्पादन सुरू झाले. जे औषध आयात करावे लागे, ते पुणे-मुंबई रस्त्यालगत मोठमोठ्या टाक्यांतील किण्वनातून निघू लागले.

७/ पण एचएएलचे महत्त्व उत्पादनापुरते नव्हते. तिथल्या संशोधन विभागात एम. जे. तिरुमलाचार आणि सहकारी मातीतील सूक्ष्मजीव तपासत होते. त्यातून १९६०च्या दशकाच्या आरंभी हॅमायसिन हे बुरशीविरोधी औषध निघाले. त्याच्या नावात हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची आद्याक्षरे आहेत. ते निर्माण करणाऱ्या सूक्ष्मजीवाचे नाव आहे स्ट्रेप्टोमायसिस पिंपरिना. जगाच्या सूक्ष्मजीवशास्त्रीय नोंदींत पिंपरी हे नाव असे कायमचे दाखल झाले.

८/ हॅमायसिन दाहावरचे औषध नव्हे; मग ते येथे कशासाठी? कारण ते शोधापासून बाटलीपर्यंतचा सगळा प्रवास एकाच आवारात झाल्याचे उदाहरण आहे. शोध, प्रयोग, उत्पादन आणि मालकी, चारही गोष्टी पिंपरीत होत्या. पुढील प्रत्येक ठाण्यावर हीच मोजपट्टी लावून पाहू : या चारांपैकी काय इथे होते आणि काय अन्यत्र?

९/ सार्वजनिक क्षेत्र पिंपरीत उभे राहत असताना मुंबईच्या उपनगरांत परदेशी कंपन्यांच्या मूलभूत संशोधनशाळा आल्या. १९६३ मध्ये स्विस कंपनी सिबाचे केंद्र गोरेगावात सुरू झाले. त्याचे संचालक होते नामवंत रसायनशास्त्रज्ञ टी. आर. गोविंदाचारी. १९७०च्या दशकात जर्मन कंपनी हेक्स्टचे केंद्र मुलुंडला कार्यरत झाले. भारतीय वनस्पतींतून नवी औषधे शोधणे हे त्याचे एक प्रमुख काम होते. पैसा फ्रँकफुर्टचा, वनस्पती आणि बहुतांश शास्त्रज्ञ इथले.

१०/ याच काळात कायदाही बदलला. १९७०चा पेटंट कायदा १९७२ मध्ये अमलात आला. औषधाच्या रेणूवर भारतात पेटंट मिळेनासे झाले. पेटंट केवळ तो बनवण्याच्या पद्धतीवर. तोच रेणू वेगळ्या पद्धतीने बनवणे भारतीय कंपन्यांना कायदेशीर ठरले. औषधे स्वस्त झाली, उद्योग वाढला. पण नवा रेणू शोधून त्याची मालकी राखायची असेल तर बाजार परदेशातच शोधावा लागणार होता. नक्कल हा स्वभाव नव्हता. ते राष्ट्राने विचारपूर्वक निवडलेले धोरण होते.

११/ मुलुंडचा पहिला मोठा शोध म्हणजे फोर्स्कोलिन. कोलिअस फोर्स्कोली या वनस्पतीच्या मुळांतून तो मिळाला. १९७७ मध्ये एस. व्ही. भट, एन. जे. डिसूझा आणि सहकाऱ्यांनी त्याची रचना प्रसिद्ध केली. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेतही याच वनस्पतीवर स्वतंत्र काम चालू होते. १९८१ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी दाखवले की हा रेणू पेशीतील अॅडेनिलेट सायक्लेज हे विकर थेट जागे करतो.

१२/ हे विकर सायक्लिक एएमपी नावाचा छोटा संदेशवाहक रेणू तयार करते. एक हौद कल्पा. अॅडेनिलेट सायक्लेज हा त्याचा नळ. फॉस्फोडायएस्टरेज नावाची विकरे ही त्याची मोरी. श्वेतपेशींत हौदाची पातळी वाढली की दाहाचे निरोप मंदावतात. फोर्स्कोलिन नळ उघडतो. याउलट मोरीला बोळा लावणारा रेणू केला तरी पातळी वाढेल. हा बोळा लक्षात ठेवा. महाप्याला तो पुन्हा भेटेल.

१३/ फोर्स्कोलिनचे पुढे काय झाले? जगभरच्या जीवरसायन प्रयोगशाळांत तो रोजच्या वापराचे साधन बनला. त्याच्यापासून घडवलेले कोल्फोर्सिन डॅरोपेट हे हृदयविकारावरचे औषध तयार झाले, पण ते जपानमध्ये. आपली मोजपट्टी लावा : शोध मुलुंडचा, मालकी फ्रँकफुर्टची, औषध जपानचे.

१४/ आता मुख्य कथा. सह्याद्रीच्या सदाहरित अरण्यांत डिसॉक्सिलम बायनेक्टारिफेरम नावाचा एक वृक्ष वाढतो. तो कडुनिंबाच्या कुळातला. मुलुंडच्या शास्त्रज्ञांनी त्याच्यातून रोहितुकीन नावाचे संयुग वेगळे केले. हे संयुग सर्वस्वी नवे नव्हते : १९७९ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी ते याच कुळातील अमूरा रोहितुका या दुसऱ्या वृक्षातून मिळवून त्याला नाव दिले होते. त्या नावामागे संस्कृत ‘रोहितक’ आहे. आयुर्वेदात रोहितक प्लीहेच्या विकारांसाठी सांगितला आहे.

१५/ १९८८ मध्ये ‘टेट्राहेड्रन’ या नियतकालिकात आर. जी. नाईक, एस. एल. कट्टीगे, एस. व्ही. भट, एन. जे. डिसूझा आणि सहकाऱ्यांचा निबंध आला. त्याच्या शीर्षकातच हे संयुग दाहशामक आणि प्रतिकारशक्तीचे नियमन करणारे असल्याचे म्हटले होते. निबंधात रेणूची रचना होती आणि तो झाडाविना, प्रयोगशाळेत पूर्णपणे बनवण्याची कृतीही होती. तारीख ध्यानात ठेवा. १९८८ मध्ये हा रेणू दाह आवरतो एवढे दिसत होते. तो नेमका कोणत्या कारकुनाचा हात धरतो, हे कळलेले नव्हते.

१६/ ते कळण्याजोगी साधनेही तेव्हा पुरती विकसित नव्हती. पेशीचे विभाजन चालवणाऱ्या काइनेजांचे मानवातील रूप १९८७ मध्ये नुकते ओळखले गेले होते; त्या क्षेत्राला नोबेल मिळायला २००१ उजाडले. मुलुंडच्या चमूने दरम्यान रोहितुकीनमध्ये फेरफार केले. त्याच्यावरचा मिथाइल गट काढून त्या जागी क्लोरिनयुक्त फिनाइल गट बसवला. या नव्या रेणूचा संकेतांक होता एल८६-८२७५. पुढे त्याचे नाव पडले फ्लाव्होपिरिडॉल.

१७/ हा रेणू अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेकडे तपासणीस गेला. १९९०च्या दशकाच्या आरंभी तिथे दिसून आले की तो पेशीविभाजनाच्या काइनेजांना, म्हणजे सीडीकेंना, रोखतो. १९९४ मध्ये त्याची माणसांवर चाचणी सुरू झाली. सीडीके रोखणारा कोणताही रेणू मानवी चाचणीपर्यंत पोहोचण्याची जगातील ही पहिलीच वेळ. दाहावरच्या औषधाच्या शोधात निघालेला मुलुंडचा रेणू कर्करोगाच्या इतिहासात असा अग्रभागी जाऊन बसला.

१८/ पुढचा प्रवास मात्र खडतर ठरला. तीव्र अतिसारासारखे दुष्परिणाम दिसले, मात्रा जमेना. हेक्स्टचे विलीनीकरण झाले, हक्क एका कंपनीकडून दुसरीकडे गेले. रक्ताच्या कर्करोगांत काही आशादायक परिणाम मिळाले, तरी बाजारात तो औषध म्हणून आला नाही. सीडीके-रोधकांत पहिली मान्यता २०१५ मध्ये पाल्बोसिक्लिब या निराळ्याच रेणूला मिळाली. वाट दाखवणारा मागे राहिला.

१९/ पण कथेला एक वळण बाकी होते. २०००च्या सुमारास कळले की फ्लाव्होपिरिडॉल सर्वांत प्रखरपणे सीडीके९ या काइनेजला रोखतो. हा कारकून विभाजनाचे काम पाहत नाही. जनुकांच्या नकला पूर्ण करण्याची मोहोर त्याच्या हाती असते, आणि दाहाचे हुकूम तातडीने सोडताना पेशीला त्याचीच गरज भासते. २००४ मध्ये ताकादा आणि अग्रवाल यांनी दाखवले की एनएफ-कप्पा-बी ही दाहाची प्रमुख संकेतशृंखलाही हा रेणू अडवतो. मूळ झाडातील संयुग दाह का आवरत असावे, याचा एक धागा १९८८ नंतर १६ वर्षांनी हाती आला.

२०/ मग ही लूट होती का? प्रामाणिकपणे पाहू. रोहितक हे नाव आयुर्वेदातले, पण फ्लाव्होपिरिडॉल आयुर्वेदात नव्हता. तो माणसांनी घडवला, आणि ती माणसे मुलुंडला काम करत होती. निबंधावर त्यांची नावे आहेत. कर्करोग संस्थेच्या तपासणीविना त्याचा लक्ष्यवेध कळला नसता. चोरी झाली असे म्हणता येत नाही. पण निर्णय कुठे होत होते, हे विचारता येते : रेणू कर्करोगाकडे न्यायचा की संधिवाताकडे, किती वर्षे पैसा घालायचा, केव्हा थांबायचे. हे निर्णय मुलुंडला होत नव्हते.

२१/ १९९८ मध्ये मुलुंडचे केंद्र निकोलस पिरामलने घेतले. आता मालकीही मुंबईची झाली. रोहितुकीनच्याच घराण्यातील पी२७६-०० हा सीडीके-रोधक तिथून पुढे आला आणि माणसांवरील चाचण्यांपर्यंत पोहोचला. पण तोही औषध झाला नाही, आणि २०१४ मध्ये पिरामल समूहाने नव्या रेणूंच्या शोधाचे काम आवरते घेतले. मालक बदलल्याने प्रश्न आपोआप सुटला नाही, ही या प्रकरणाची सर्वांत अस्वस्थ करणारी बाजू आहे.

२२/ तिसरे ठाणे : नवी मुंबईतील महापे. तिथल्या ग्लेनमार्कच्या संशोधन केंद्रात ऑग्लेमिलास्ट हा रेणू घडला. हाच तो मोरीचा बोळा : फॉस्फोडायएस्टरेज-४ला रोखून सायक्लिक एएमपीची पातळी चढवणारा. लक्ष्य होते दमा आणि सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका आक्रसत नेणारा फुफ्फुसांचा जुनाट विकार. २००४ मध्ये उत्तर अमेरिकेचे हक्क फॉरेस्ट लॅबोरेटरीजने घेतले. टप्प्याटप्प्याने मिळू शकणारी एकूण रक्कम १९ कोटी डॉलरपर्यंत होती. भारतीय कंपनीने रेणूची नक्कल न करता स्वतःचा रेणू विकल्याची ही मोठी बातमी होती.

२३/ २००५ पासून भारतात औषधाच्या रेणूवर पुन्हा पेटंट मिळू लागले. स्वतःचे रेणू शोधण्याचे दिवस आले असे वाटत होते. पण २००९ मध्ये ऑग्लेमिलास्ट सीओपीडीच्या दुसऱ्या टप्प्यातील चाचणीत अपेक्षित परिणाम दाखवू शकला नाही. वर्षभरात, २०१० मध्ये, त्याच तत्त्वावरच्या रोफ्लुमिलास्टला युरोपात मान्यता मिळाली आणि २०१४ मध्ये अॅप्रेमिलास्टला अमेरिकेत. म्हणजे कल्पना योग्य होती. तो एक रेणू पडला. अशी अपयशे पचवून दहावा रेणू चाचणीत उतरवण्याइतका दीर्घ श्वास कुणाकडे होता, यावर निकाल ठरला.

२४/ शेवटचे प्रकरण आपल्या डोळ्यांदेखत घडले. जॅक नावाच्या काइनेजांचा शोध १९८०च्या दशकाच्या अखेरीस लागला. असंख्य काइनेज सापडत असल्याने शोधकांनी त्यांना विनोदाने ‘आणखी एक काइनेज’ अशा अर्थाचे नाव दिले. पुढे त्याच आद्याक्षरांना जेनस या दोन मुखांच्या रोमन देवाचे नाव चिकटले. सायटोकाइनांचे अनेक निरोप याच कारकुनांच्या हातून जातात. त्यांना रोखणारे टोफॅसिटिनिब २०१२ मध्ये अमेरिकेत आणि बॅरिसिटिनिब २०१७ मध्ये युरोपात संधिवातासाठी मान्य झाले.

२५/ २०२१च्या दुसऱ्या लाटेत पुणे जिल्हा होरपळत होता. पिंपरीत, एचएएलच्या आवाराजवळच्या नेहरूनगरात, अण्णासाहेब मगर क्रीडांगणावर जम्बो कोविड रुग्णालय उभे होते. अनेक रुग्णांत विषाणूइतकाच शरीराचा अनावर दाह घातक ठरत होता. टोसिलिझुमॅब हे देवडी रोखणारे प्रतिपिंड मिळेनासे झाले होते. मे महिन्याच्या आरंभी बॅरिसिटिनिबला भारतात आणीबाणीची मर्यादित परवानगी मिळाली, आणि पाठोपाठ एली लिलीने सिप्ला, ल्युपिन व सन फार्मा या मुंबईच्या कंपन्यांना स्वामित्वशुल्काविना उत्पादनाचे परवाने दिले.

२६/ ज्या कौशल्याला आपण नक्कल म्हणून हिणवतो, ते त्या आठवड्यांत किती मोलाचे होते हे सांगायला नको. एखादी अवघड गोळी अल्पावधीत बनवू शकणारे कारखाने १९७०च्या कायद्याच्या छायेत वाढले होते. पण परवाना द्यायचा की नाही, हे परक्या मालकाच्या मर्जीवर होते, हेही तितकेच खरे. (जॅक-रोधक गंभीर दुष्परिणामही करू शकतात, हा इतिहास आहे, वैद्यकीय सल्ला नव्हे.)

२७/ आता मोजपट्टीवरचा हिशेब. झाडे, रसायनशास्त्रज्ञ आणि शोध आपल्याकडे होते : मुलुंड, महापे. उत्पादन आपल्याकडे होते आणि आहे. उणीव राहिली ती मधल्या टप्प्याची : वर्षानुवर्षांच्या मानवी चाचण्या, त्यांतील अपयश सोसणारे भांडवल, आणि थांबायचे की चालायचे हे ठरवण्याचा अधिकार. लुटीची कथा ही उणीव परकीयांच्या माथी मारते, नकलेची कथा ती आपल्या बुद्धीच्या माथी मारते. माझ्या मते दोन्ही निदाने चुकीची आहेत.

२८/ १९५४ मध्ये पिंपरीत तो मधला टप्पा राज्यसंस्थेने स्वतःच्या अंगावर घेतला होता. तीच एचएएल १९९०च्या दशकात आजारी उद्योग ठरली, आणि डिसेंबर २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिची अतिरिक्त जमीन विकून देणी भागवण्याचा व नंतर कंपनीच विकण्याचा निर्णय घेतला. जिच्या जमिनीचे मोल तिच्या रेणूंहून अधिक ठरले, अशा संस्थेचा इतिहास लिहिताना हळहळीपेक्षा हिशेब अधिक उपयोगी पडतो.

२९/ या प्रयोगशाळांत काम केलेली पिढी आता निवृत्त आहे. पिंपरी, मुलुंड, ठाण्यात आपल्या आसपास राहते आहे. निबंधांत रेणूंच्या रचना सापडतात. एखादा रेणू सोडून देण्याची बैठक कशी झाली, हे सापडत नाही. ते फक्त माणसांच्या आठवणीत आहे. तुमच्या घरात, इमारतीत अशी कुणी आजी, आजोबा, काका, मावशी असतील तर त्यांना विचारा, ध्वनिमुद्रण करा, तारखा लिहून घ्या. इतिहासाचे साधन असे जमते. धागा समाप्त.